दुखणे : पोथीतले, कादंबरीतले आणि पोटातले

दिवाळी अंकात दुखण्यावर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. तेवढ्या आधारावर वाचकांनी हा लेख चालवून घ्यावा.

मी शाळामास्तर आहे. मॅट्रिकपुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. तीन कादंबऱ्या नावावर आहेत, त्या सवडीने आणि हौसेने लिहिल्या. टीकाशास्त्राची परिभाषा मला अवगत नाही. पण गेली नऊ वर्षे एक दुखणे अंगावर वागवीत मी पुस्तके वाचतो आहे, आणि निरोगी असताना वाचलेली तीच पुस्तके आता मला वेगळी दिसतात. ती कशी दिसतात, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुखण्याची हकीकत थोडक्यात सांगून टाकतो. जेवण झाले की तासाभराने बेंबीच्या उजव्या अंगाला कळ यायची. वजन उतरत चालले. प्रथम आतड्याचा क्षय ठरला आणि सहा महिने त्याची औषधे घेतली. मग एका रात्री आतड्याचा मार्गच बंद झाला, पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि तातडीने ऑपरेशन करावे लागले. लहान आतड्याच्या शेवटचा दीड वीत तुकडा काढून टाकला. तो तपासल्यावर कळले, की हा क्षय नव्हे. हा क्रोनचा विकार. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह त्याचे वर्णन केले म्हणून त्याला हे नाव. क्षय आणि हा विकार इतके सारखे दिसतात, की आपल्या देशात भल्याभल्या डॉक्टरांनाही त्यांतला भेद करणे अवघड जाते. तेव्हा माझी कोणावर तक्रार नाही.

ऑपरेशन झाले म्हणजे दुखणे संपले, अशी माझी भाबडी समजूत होती. पोट एकदा उघडले, की जखमा भरून येताना आत चिकट पडदे आणि दोरे तयार होतात. ते एक आतडे दुसऱ्याला बांधून ठेवतात, आणि चालता-वाकताना ओढ बसते. ते सोडवायला पुन्हा ऑपरेशन करावे, तर त्यातून नवे दोरे निर्माण होण्याचा संभव असतोच. शिवाय ह्या विकारात अनेकांचे सांधेही धरतात. माझे गुडघे आणि घोटे असे धरले, की फळ्यापुढे तासभर उभे राहणे ही एक तपश्चर्या झाली. मौज अशी, की सांध्यांना उतार देणाऱ्या नेहमीच्या गोळ्या आतड्याला मानवत नाहीत. गुडघ्याची समजूत घालावी तर पोट रुसते. आतड्याचा जो भाग गेला तोच एक जीवनसत्त्व शोषून घेणारा. म्हणून त्याचे इंजेक्शन ठरावीक मुदतीने घ्यावे लागते. असो. हे दुखणे मला मारीत नाही आणि सोडीतही नाही. आमचा संसार चालू आहे.

इस्पितळात माझ्या उशाशी दोन पुस्तके होती. आईने आणून ठेवलेली गुरुचरित्राची पोथी आणि एका शिक्षक-मित्राने दिलेली रणजित देसाईंची ‘स्वामी’. दोहोंचा दुखण्याशी संबंध आहे, हे देणाऱ्यांच्या ध्यानातही नसावे.

‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मराठी घरांत ती जितकी वाचली गेली तितक्या कादंबऱ्या थोड्याच. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळालेला आणि सत्ताविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरच्या गणपतीपाशी देह ठेवणारा माधवराव हा तिचा नायक. त्याला राजयक्ष्मा होता, आणि तो आतड्यांचा होता असे मानले जाते. विशीत ही कादंबरी वाचताना मी शेवटच्या पानांवर रडलो होतो. इस्पितळात वाचताना मी रडलो नाही. मला हेवा वाटला. ही कबुली विचित्र आहे, पण खरी आहे. माधवरावाच्या दुखण्याला सगळे लाभले होते : थेऊरचे देऊळ, राज्याची चिंता, रमाबाईंची निष्ठा, आणि सर्वांत मोठे म्हणजे एक शेवट. मृत्यू पुढे उभा असल्यामुळे त्याची प्रत्येक कळ अर्थपूर्ण होते. लेखकाने ती छाया फार हळुवारपणे पसरवली आहे. त्यात त्याचे यश आहेच. पण कल्पना करा, माधवराव जर ह्याच पोटदुखीसह आणखी चाळीस वर्षे जगता, दर पंधरवड्याला दोन दिवस अंथरुणाला खिळता आणि तिसऱ्या दिवशी उठून हिशेब तपासता, तर ही कादंबरी लिहिली गेली असती काय? मला वाटते, नाही. राज्य कदाचित वाचले असते, कादंबरी वाचली नसती.

टॉलस्टॉयची ‘इवान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा मी नंतर गावच्या वाचनालयातून आणली. १८८६ सालची ही गोष्ट दुखण्याच्या साहित्यात मेरुमणी समजली जाते, आणि ते योग्यच आहे. पडदे लावताना शिडीवरून घसरून न्यायाधीशाच्या कुशीला मार बसतो; मग तोंडाला चमत्कारिक चव, कुशीत बोचणी, आणि पुढे यातना. मूत्रपिंड जागचे हलले आहे की आंधळ्या आतड्याचा दोष आहे, ह्यावर डॉक्टर काथ्याकूट करतात. रोग्याला हवे असते एकाच प्रश्नाचे उत्तर, की माझे दुखणे गंभीर आहे की नाही? ते कोणी देत नाही. घरचे लोक ‘बरे वाटेल’ हे खोटे नाटक चालू ठेवतात. एक गेरासीम नावाचा खेडवळ गडी तेवढा धन्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र काढतो आणि खोटे बोलत नाही. दुखणाईताच्या घरात काय चालते, ह्याचे इतके निर्दय आणि इतके दयाळू चित्र माझ्या वाचनात दुसरे नाही.

तरीसुद्धा माझी अडचण येथेही सुटत नाही. टॉलस्टॉयने नावातच मृत्यू सांगून टाकला आहे. इवान इलिचची वेदना ही एक वाट आहे. तिच्या टोकाला उजेड आहे. गेरासीमही काही आठवडेच रात्री जागतो. नऊ वर्षे कोणाचे पाय खांद्यावर धरावे लागले, तर गेरासीमचे काय होईल? त्याला कधी जांभई येईल, कधी राग येईल, कधी आपल्याच बायकामुलांची आठवण येईल. ती गोष्ट टॉलस्टॉयने लिहिली नाही. ती गोष्ट माझ्या घरात चालू आहे, आणि माझी पत्नी ती न लिहिता जगते आहे.

म्हणजे साहित्याला दुखणे चालते, पण ते कोठेतरी पोचणारे हवे. ते बरे व्हावे किंवा मरावे. मध्येच रेंगाळणाऱ्या दुखण्याला गोष्टीत जागा नाही. दुसऱ्याच्या पुस्तकांना हा दोष देताना मला माझेही माप पदरात घेतले पाहिजे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक काकू आहेत. त्या दीडशे पाने माजघरात कण्हत पडलेल्या आहेत. त्यांना काय होते, कोठे दुखते, रात्री झोप लागते की नाही, हे मी एका ओळीनेही सांगितलेले नाही. नायिकेचे लग्न त्यांच्या आजारपणामुळे अडलेले असते, आणि कथानकाला वाट हवी झाली तेव्हा मी त्यांना एका पावसाळी रात्री मारून टाकले. त्या काळी समीक्षकांनी ‘काकूंचे करुण चित्र’ म्हणून दोन शब्द बरे लिहिले. आज मला ते चित्र नव्हे, खुंटी दिसते. कथानकाचा सदरा अडकवायला मी एका बाईचे दुखणे भिंतीत ठोकले होते.

असे का व्हावे? व्हर्जिनिया वुल्फ ह्या इंग्रज लेखिकेने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. प्रेम, युद्ध, मत्सर ह्यांवर एवढे साहित्य आणि आजारावर इतके थोडे का, असा तिचा प्रश्न. तिने दोष दिला तो भाषेला : मोठमोठे विचार आणि शोकांतिका पेलणाऱ्या इंग्रजीला साध्या डोकेदुखीसाठी शब्द नाहीत, असे तिचे म्हणणे. पुढे १९७५ साली माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक ह्या मानसशास्त्रज्ञाने वेदनेचे अठ्ठ्याहत्तर शब्द वीस गटांत लावून एक प्रश्नपत्रिका तयार केली. रोग्याने आपले शब्द निवडायचे आणि डॉक्टराने त्यावरून दुखण्याची जात ओळखायची. शाळामास्तराला हे फार आवडले. दुखण्याचीही शब्दांवरून परीक्षा घेता येते तर!

पण वुल्फबाईंची तक्रार मराठीला लागू पडते काय? माझ्या आजीला अक्षर लिहिता येत नव्हते, पण ती कधी नुसते ‘दुखते’ म्हणाली नाही. डोके ठणकते, गळू ठसठसते, डोळा चुरचुरतो, दाढ सणकते, छातीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, हात झिणझिणतो, छातीत जळजळते, तळपायांची आग होते आणि हाडे फुटतात. प्रत्येक दुखण्याला स्वतंत्र क्रियापद. इंग्रजी डॉक्टराला वीस गट करावे लागले, ते आमच्या माजघरांत आधीच लावून ठेवलेले होते. शब्दांचे दारिद्र्य आपल्याला नाही.

आपली अडचण निराळी आहे. पोटाचे सगळे शब्द आपण मनाला देऊन बसलो आहो. मूल म्हणजे पोटचा गोळा, माया असली की आतडे तुटते, क्षमा म्हणजे अपराध पोटात घालणे, कळकळ म्हणजे पोटतिडीक. आणि खुद्द पोटदुखी? ‘त्याच्या पोटात दुखते’ म्हणजे तो दुसऱ्याच्या भाग्यावर जळतो! ज्या मनुष्याचे पोट खरोखरीच दुखते त्याच्यासाठी भाषेने शिल्लक ठेवला तो मत्सराचा आरोप. आणि शाळेत तर पोटदुखी हे गृहपाठ न केल्याचे दुसरे नाव.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या ऑपरेशनच्या तीन वर्षे आधीची. सहावीच्या वर्गात एक मुलगा शुद्धलेखनाच्या तासाला पोट धरून उभा राहिला. ‘सर, पोटात दुखतंय.’ मी म्हणालो, ‘शुद्धलेखनाच्या तासालाच बरं दुखतं रे तुझं!’ वर्ग हसला. मुलगाही थोडा हसला आणि खाली बसला. पुन्हा त्याने कधी पोटाचे नाव काढले नाही. वर्षअखेर त्याच्या वडिलांची बदली झाली, तो गाव सोडून गेला. त्याचे पोट त्या दिवशी खरेच दुखत होते की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण दुखत असते तरी त्याने ते मला सिद्ध कशाने करून दाखवले असते? ताप काचेच्या नळीत चढतो, जखमेतून रक्त वाहते. वेदनेपाशी मात्र मनुष्याच्या शब्दावाचून दुसरा साक्षीदार नाही. आणि मी तो साक्षीदारच विनोदाने उडवून लावला. इस्पितळात एका रात्री मी कळ आल्याचे सांगितले तेव्हा पाळीवरच्या कोणीतरी ‘सारखंच काय दुखतं हो तुमचं?’ असे विचारले. मला राग यायला हवा होता. मला तो मुलगा आठवला.

वैद्यकानेही हे उशिरा शिकून घेतले. तीन महिन्यांवर टिकणारे किंवा फिरून फिरून येणारे दुखणे हे नुसते दुसऱ्या रोगाचे लक्षण नव्हे, तो स्वतःच एक विकार असू शकतो, हे आता मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ साली लागू झाली. तीत शस्त्रक्रियेनंतर मागे राहणाऱ्या दुखण्याला स्वतःची जागा मिळाली आहे. यादीत जागा मिळाली, आता गोष्टीत मिळायची आहे.

तर मग असले साहित्य असावे तरी कसे? फ्रान्समध्ये आल्फोन्स दोदे नावाचा लोकप्रिय कादंबरीकार होऊन गेला. मज्जारज्जूच्या रोगाने त्याला शेवटची कित्येक वर्षे भयंकर वेदना दिल्या. तो त्यांची टिपणे करीत राही. त्याला त्यांची कादंबरी करता आली नाही. १८९७ साली तो वारला आणि तीसहून अधिक वर्षांनी ती टिपणे ‘ला दुलू’ ह्या नावाने बाहेर आली. तुटक, चार-चार ओळींची. त्यातले एक निरीक्षण माझ्या मनात घर करून राहिले आहे : दुखणे दुखणाईताला दरवेळी नवे असते, पण भोवतालच्यांना ते जुने होते. ज्याने मोठमोठी कथानके रचली त्याला ह्या एका विषयासाठी कथानक सोडून द्यावे लागले, ही गोष्ट कादंबरीकारांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे तर हा आकार दोदेच्या आधीपासून आहे. जात्यावरची ओवी! दळणाऱ्या बायकांनी आपल्या दुखऱ्या दंडांविषयी, जात्यात जिरून गेलेल्या आईच्या दुधाच्या बळाविषयी शेकडो ओव्या गायल्या. त्या गोष्ट सांगत नाहीत. पहाटे सुरू होतात, दळण सरले की थांबतात, उद्या पहाटे पुन्हा सुरू. न संपणाऱ्या कष्टाला न संपणारा आकार त्यांनी शोधून काढला होता. न संपणाऱ्या दुखण्यालाही तोच साजेल.

आमच्या हेडमास्तरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे रडगाणंच की! सणासुदीला वाचकानं ते का वाचावं?’ प्रश्न रास्त आहे. रडगाणे ऐकून कान किटतात हे मी नाकारीत नाही; माझे स्वतःचे मलाच किटतात. पण ओवी हे रडगाणे नव्हे. रडगाण्यात मनुष्य आपल्या दुखण्याकडे बघा म्हणतो; ओवीत तो दुखणाऱ्या हातांनी दळीत असतो, आणि त्या पिठाच्या भाकरी घर खाते. माझे म्हणणे इतकेच, की दुखणाईताला दुखण्यासह काम करताना, चिडताना, थट्टा करताना, मुलाच्या परीक्षेची काळजी करताना दाखवा. त्याला पलंगावर ठेवून त्याचे देवही करू नका आणि खुंटीही करू नका.

आता राहिली आईची पोथी. गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण येतो. तो पंधरवड्याने, महिन्याने एकदा जेवतो, आणि जेवला की मरणप्राय कळा सोसतो. शेवटी पोटाला धोंडे बांधून तो गोदावरीत जीव द्यायला निघतो. श्रीगुरू त्याला परत आणवतात, आणि सायंदेव नावाच्या गृहस्थाच्या घरी पोटभर जेवू घालून बरा करतात. लहानपणापासून ऐकलेली ही कथा मला इस्पितळात प्रथम टोचली. माझ्या पोटाला असा गुरू भेटणार नव्हता. पोथीही शेवटी बरे करूनच सोडते, असे म्हणून मी ती मिटली.

पण पुढे पुन्हा वाचताना दोन गोष्टी दिसल्या. बरे करण्याच्या आधी श्रीगुरू त्याला विचारतात, की बाबा, तू असे का करतोस? आणि तो आपले सगळे दुखणे सांगतो. ते कोणी हसण्यावारी नेत नाही. दुसरी गोष्ट सायंदेवाची. ह्याला जेवू घाला म्हटल्यावर तो बिचारा घाबरतो : हा जेवला आणि दगावला तर त्याचे पाप माझ्या माथी! शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथीकाराने यजमानाची ही भीती टिपून ठेवली, हे मला चमत्काराहून मोठे वाटते. दुखणाईताला घरी बोलावताना आजही माणसे ह्याच भीतीने बिचकतात; त्याला काय चालते, काय नाही, उगाच नसती जबाबदारी नको. आणि हळूहळू बोलावणेच बंद होते. सायंदेव बिचकला, तरी त्याने पान मांडले. शूळ जाणे न जाणे देवाच्या हाती असेल. पान मांडणे मनुष्याच्या हाती आहे.

आमच्या घरी दिवाळीच्या पहिल्या दिवशी शेजारची चार माणसे फराळाला येतात. चकली आणि चिवडा मला चालत नाही. पहिली दोन वर्षे मी आतल्या खोलीतच बसून राहिलो. मला बघून लोकांना खाववत नाही, असे मला वाटे. तिसऱ्या वर्षी पत्नीने बाहेर माझाही पाट मांडला आणि ताटलीत मऊ दहीपोहे वाढले. ‘अहो, या ना बाहेर,’ एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी पोट दुखायचे ते दुखलेच. पण मी बाहेर बसलो होतो.

वाचकहो, तुमच्याही घरात, नात्यात, शेजारी असे कोणी असेल. त्यांना ‘आता बरे आहे ना?’ असे विचारू नका. त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून उत्तर नसते. ‘आज कसे दुखते?’ असे विचारा आणि ते जो शब्द वापरतील तो नीट ऐका. मीही एक काम हाती घेतले आहे. ती जुनी कादंबरी काढली आहे आणि काकूंना पुन्हा जिवंत केले आहे. ह्या खेपेस त्या मरत नाहीत. त्यामुळे नायिकेचे लग्न कसे लावावे हे मला अजून सुचलेले नाही. पण त्यांना कोठे दुखते, ते मात्र आता मला ठाऊक आहे.